जुना सिमेंट रस्ता फोडून त्याचीच खडी: ३५० मीटरचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. पिंपरी-चिंचवडमधल्या तुमच्या सोसायटीत ३५० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साधारण ६ इंच जाडीचा सिमेंटचा रस्ता आहे. वय १८ वर्षं. जागोजागी तडे गेलेत, पावसात तळी साचतात, कमिटीने तो उखडून नवा करायचं ठरवलंय. ठेकेदार राबिट, म्हणजे फोडलेल्या काँक्रीटचा राडारोडा, उचलायचे वेगळे पैसे मागतोय. कमिटीतल्या एकांनी जुनं काँक्रीट दळून त्याची खडी करण्याचा व्हिडिओ पाहिलाय. आपल्या रस्त्याची खडी करून ती आपल्याच नव्या काँक्रीटमध्ये घातली तर दोन्हीकडचे पैसे वाचतील का, असं तुम्ही विचारताय.

खडी करता येते. पण ती नव्या काँक्रीटमध्ये घालू नका, त्याच्या खालच्या थरात घाला. आणि बचत खडीच्या भावात शोधू नका, डंपरच्या खेपांत शोधा. मी २२ वर्षं रस्त्याच्या मटेरिअलच्या कामात आहे, त्यातली पहिली सहा साइट लॅबमध्ये क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) फोडण्यात आणि चाळण्या हलवण्यात गेली. तेव्हा जे सांगतोय ते हाताला धूळ लागून कळलेलं आहे.

आधी हिशेब. ३५० गुणिले ६ म्हणजे २१०० चौरस मीटर. ६ इंच म्हणजे १५ सेंटीमीटर धरू, तर ३१५ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला २.४ टन धरलं तर ७५६ टन. जागेवर मोजलं तर हे १११ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतं, पण फोडल्यावर फुगतं आणि सैल राबिट १८० ब्रासच्या आसपास जातं. ठेकेदार उचलायचं बिल ब्रासवर लावणार असेल तर कुठल्या ब्रासवर, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. मी शक्यतो वजनावर ठरवतो, काट्याची पावती खोटं बोलत नाही. दहा चाकी डंपर कायद्याने साधारण १७ टन नेतो, म्हणजे नुसतं राबिट बाहेर काढायला ४५ खेपा. आणि नव्या रस्त्याखाली जीएसबीचा (काँक्रीटखालच्या दाबलेल्या खडीचा) थर घालायचा असेल तर खाणीवरून माल आणायच्या जवळपास तेवढ्याच खेपा पुन्हा. तुमच्या गेटमधून, शाळेच्या बसच्या वेळा सांभाळून.

आता ही खडी असते कशी? आपल्याकडे जुन्या काँक्रीटमध्ये घातलेला दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. तो १८ वर्षांत थकत नाही. पण क्रशरमधून जो तुकडा निघतो तो निव्वळ दगड नसतो. दगडाला जुना सिमेंट-वाळूचा माल चिकटून असतो, वजनाने चौथाई ते तिहाई, कधी त्याहून जास्त. तुकडा जितका बारीक तितका त्यात माल जास्त आणि दगड कमी. ६ एमएमच्या खालचं जे असतं त्यात बराचसा हा जुना मालच, म्हणजे मॉर्टर. हा चिकटलेला माल सच्छिद्र असतो, पाणी पितो, मार लागला की आधी फुटतो. या खडीचे बहुतेक गुणदोष इथूनच येतात. खाणीची काळी खडी एक-दीड टक्का पाणी पिते, ही मी तपासली तेव्हा ४ ते ७ टक्के प्यायली. इम्पॅक्ट व्हॅल्यू, म्हणजे ठोकल्यावर खडीचा किती टक्के चुरा होतो तो आकडा, खाणीच्या खडीची १२-१५ येते, हिची २५ ते ३२.

पण तुमची कशी निघेल हे तुमच्या जुन्या काँक्रीटवर आहे. त्यासाठी लॅबच्या आधी एक गोष्ट स्वतः करा. रस्त्याच्या कडेचा एखादा सुटलेला तुकडा घ्या, घणाने फोडा आणि ताजा फुटलेला चेहरा उन्हात धरून बघा. काळे दगड मधोमध चिरलेले दिसले, त्यांची आतली निळसर काळी बाजू चकाकत असली, तर माल दगडाइतकाच चिवट होता. दगड अख्खे निघून आले असतील आणि त्यांच्या जागी गुळगुळीत खोबण्या उरल्या असतील, एका चेहऱ्यावर खळगे आणि दुसऱ्यावर बोंडं, तर माल कमजोर आहे, खडीपेक्षा पीठ जास्त निघेल. नखाने खरवडून पांढरी भुकटी पडत असेल तर नवी खडी करायचं डोक्यातून काढून टाका, ते भरावाचं मटेरिअल आहे.

याच वेळी रस्ता का फुटला हेही बघा. खालची काळी माती फुगल्या-आकसल्यामुळे तडे गेले असतील तर काँक्रीट बिचारं निर्दोष आहे, त्याची खडी उत्तम निघते. तडे नाहीत पण पापुद्रे निघतात, धूळ उडते, असं असेल तर दोष मालातच होता.

आता नव्या काँक्रीटमध्ये का नको. नियम आड येत नाही. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीट दळून केलेल्या खडीला जागा दिली आहे. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ पर्यंतच (एम पुढचा आकडा म्हणजे क्यूबची २८ दिवसांची ताकद), आणि एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के. मात्र ही सवलत निव्वळ काँक्रीटच्या खडीला आहे. विटा, टाइल्स, प्लास्टर मिसळलेल्या राबिटाची खडी फक्त लीन काँक्रीटमध्ये चालते. तेव्हा तुमच्या रस्त्याच्या ढिगावर कुणाच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या फरशा येऊन पडू देऊ नका. पीओपीचा तर तुकडाही नको. जिप्समचं सल्फेट सिमेंटशी वैर धरतं.

तरीही मी नको म्हणतो, कारण साइटवर काय होतं ते पाहिलंय. एका फूटपाथच्या एम-२० ला आम्ही ३० टक्के अशी खडी घातली होती. हो, मर्यादेपेक्षा जास्त, ट्रायल होती. एप्रिल महिना, ढीग उन्हात आठवडाभर तापलेला. साडेदहाला मिक्सरमधून माल निघाला तेव्हा स्लंप (ओल्या काँक्रीटचा ढीग किती खाली बसतो ते माप) ११० मिलिमीटर, छान मऊ. अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या टोकाला तोच माल ३० वर. खडीने पाणी पिऊन टाकलं होतं. घनमीटरमागे अशी खडी ३३० किलो, तिच्या ५ टक्के म्हणजे १६ लिटर पाणी, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासात. गवंड्याला हे गणित कुणी सांगितलेलं नसतं. त्याने त्याच्या अनुभवाने केलं ते केलं, दोन घमेली पाणी ओतलं आणि थापी फिरवली. क्यूब २८ दिवसांनी १४ आणि १५ वर फुटले. पुढच्या आठवड्यात तोच मिक्स, फक्त आदल्या संध्याकाळी ढिगावर पाइप सोडला आणि ओलं गोणपाट टाकलं. क्यूब २४. फरक एवढाच. पण हा फरक रोज, प्रत्येक ढिगाला सांभाळणारा माणूस तुमच्या ३५० मीटरच्या कामावर असेल का, हे तुम्हीच सांगा. रेडी-मिक्सवाला तर तुमची खडी प्लांटवर घेणारच नाही, आणि त्याच्या जागी मीही घेतली नसती.

शिवाय रस्त्याच्या वरच्या थराला झीज आणि वारंवारचा भार दोन्ही सोसायचं असतं. कचऱ्याची गाडी, टँकर, वेळप्रसंगी अग्निशमनाची गाडी. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागासाठी खडीची इम्पॅक्ट व्हॅल्यू ३० च्या आत लागते, आणि आपली खडी नेमकी त्याच उंबरठ्यावर उभी असते. अमेरिकेत आयोवा राज्यात १९७६ सालापासून जुने काँक्रीट रस्ते दळून नव्या रस्त्यांत घातले गेले, त्यातले बरेच चांगले चालले. पण मिशिगनमध्ये १९८० च्या दशकात केलेल्या काही रस्त्यांच्या लांब पट्ट्या मधोमध चिरल्या आणि त्या चिरा लवकर बिघडल्या. तड्याच्या दोन बाजूंचे दगड एकमेकांत अडकून भार पलीकडे पोचवतात. खडी बारीक आणि मऊ असली की ती पकड लवकर घासून जाते.

खाली मात्र हीच खडी राणी आहे. जीएसबीच्या थरात ५३ एमएमपासून डस्टपर्यंत सगळं एकत्र चालतं, म्हणजे तुम्ही जे दळाल त्यातलं फारसं वाया जात नाही. तुकड्यांना कोन आणि खरखरीतपणा असतो, दबाई छान होते. बारीक मालात थोडं न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं, त्यामुळे पाणी मारून दाबलेला थर काही महिन्यांत स्वतःच घट्ट होतो. रस्त्यांत राबिटाचा वापर कसा करावा यावर इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १२१ हे २०१७ चं मार्गदर्शक आहे. तुमच्या कन्सल्टंटने ते पाहिलंय का, एवढं विचारा. उत्तरावरून कन्सल्टंट कळेल.

एक भांडण मात्र आधीच मिटवून ठेवा. एका कामावर असाच थर दाबून झाला, जागेवरची घनता आली घनमीटरला १.९३ टन. तपासणाऱ्या नव्या इंजिनिअरच्या वहीत खाणीच्या मालाची प्रयोगशाळेतली कमाल घनता २.२५ लिहिलेली. त्याने भागाकार केला, ८६ टक्के आले, लागतात ९८. फेल. रोलर आणखी सहा फेऱ्या फिरवला, घनता तीच, फक्त वरची खडी पिठासारखी व्हायला लागली. शेवटी आमच्याच मालाची प्रॉक्टर टेस्ट केली, कमाल घनता १.९६ निघाली. म्हणजे थर पहिल्याच दिवशी ९८ टक्क्यांच्या वर होता. ही खडी वजनाला हलकी आणि पाण्याला भुकेली आहे. दाबताना १० टक्क्यांच्या आसपास पाणी लागतं, खाणीच्या मालाला ५-६ पुरतं. प्रॉक्टर तुमच्या ढिगाचीच करून घ्या, जुन्या वहीतली नको. आणि लॅबने सोडियम सल्फेटची साउंडनेस टेस्ट (खडी हवापाण्यात किती टिकेल ते बघणारी) सुचवली तर जपून. जुन्या काँक्रीटच्या खडीवर ती टेस्ट दिशाभूल करू शकते, कारण ते सल्फेट चिकटलेल्या सिमेंटशीच प्रक्रिया करत बसतं.

मग तुमचे ७५६ टन खाली मावतील का? माती, सळया, टाकाऊ तुकडे यांत १५ टक्के गेले तर साधारण ६४० टन उरतात. दाबल्यावर घनमीटरला १.९५ टनांच्या हिशेबाने ३३० घनमीटर, म्हणजे तुमच्या २१०० चौरस मीटरवर ६ इंचांचा थर. जुना रस्ता नव्या रस्त्याखाली जवळपास जसाच्या तसा बसतो.

कागदावर बसतो. जमिनीवर अडतो तो लेव्हलला, आणि बहुतेक लोक हेच विसरतात. जुना ६ इंचांचा थर काढला, त्या जागी ६ इंच जीएसबी आणि वर ८ इंच काँक्रीट घातलं तर रस्ता ८ इंच वर आला. पार्किंगमध्ये पाणी, चेंबरची झाकणं खड्ड्यात, तळमजल्याचे रॅम्प उलटे. लेव्हल राखायची तर ८ इंच खोल खणावं लागेल, म्हणजे ४२० घनमीटर माती आणि सोलिंग (रस्त्याखालचा मोठ्या दगडांचा थर) बाहेर. राबिटाच्या खेपा वाचवल्या आणि मातीच्या वाढवल्या! म्हणून माझं पहिलं काम रस्त्याला चार ठिकाणी चाचणी खड्डे. जुनं सोलिंग घट्ट, कोरडं, ८-९ इंचांचं सापडलं तर त्याला हात लावू नका. त्यावरच लेव्हलपुरता पातळ थर आणि काँक्रीट येईल, उरलेली खडी पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली, पाइपच्या चरांच्या भरावात, कुंपणाच्या कडेच्या पीसीसीत (बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये) जाईल. सोलिंग काळ्या मातीत बुडून गेलेलं असेल तर तसंही खणायचंच आहे, मग जीएसबीला जागा आपोआप मिळते. या दोन चित्रांचा खर्च इतका वेगळा आहे की खड्डे घेतल्याशिवाय बचतीचा आकडा सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय असं समजा.

तोडण्याकडे या. माझ्या अनुभवात या खडीची प्रत ब्रेकरच्या टोकाखालीच ठरते, क्रशर पुढे फारसं काही सुधारू शकत नाही. ब्रेकरवाल्याला चौरस मीटरवर पैसे मिळतात, तो घाईत असतो. पट्टी फोडून पोकलेनच्या बकेटचे दात खालच्या मातीत घुसवतो आणि सगळं एकदम उचलतो. एकदा चिकट काळी माती काँक्रीटच्या तुकड्यांना लागली की क्रशरमध्ये ती चाळण्या बुजवते आणि जीएसबीचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीचा चिकटपणा दाखवणारा आकडा) ६ च्या वर नेते, माल नापास. त्याला सांगायचं असं: आधी तुकडे मोकळे कर, मग दात आडवे ठेवून खरवडून उचल, खालचा इंचभर माल राहिला तर राहू दे. तुकडे दीड-दोन फुटांच्या आत. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस काम बंद. सांध्यांवर डांबर भरलेलं असेल किंवा मधे कुणी डांबराचं पॅच मारलं असेल तर ते आधी उखडून वेगळं. जाळी, टाय बार, जुन्या केबलचे पाइप हाताने वेचायला दोन माणसं क्रशरपुढे उभी हवीत, मॅग्नेट प्लास्टिक धरत नाही. सळई भंगारवाल्याला जाते, त्यात माणसांची मजुरी निघते.

दळायचं कुठे? तासाला शंभर टन काढणारा ट्रॅकवरचा मोबाइल क्रशर तुमचं काम एका दिवसात संपवेल, पण तो ट्रेलरवर आणून परत न्यायचं भाडंच बचत खाऊन टाकेल. साध्या खाणीच्या क्रशरवर राबिट घेत नाहीत, एक सळई पट्टा फाडते. तुमच्या आकाराच्या कामाला दोन पर्याय उरतात. पोकलेनला बसणारी क्रशर बकेट, तासाला २० टनांच्या आसपास, म्हणजे पाच-सहा दिवस जागेवरच. आवाज आणि धूळ होते, पाण्याचा फवारा सक्तीचा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कोणाच्या नावावर आहे ते ठेकेदाराकडून लेखी घ्यायचं. दुसरा, महापालिकेच्या राबिट प्रक्रिया केंद्रावर माल द्यायचा आणि तिथली तयार जीएसबी परत घ्यायची. तुमच्या भागात मोशी, पुण्याच्या बाजूला वाघोली. डंपर भरून जातो, भरून येतो, एकच फेरी दोन कामं करते. अंतर १० किलोमीटरच्या आत असेल तर मी डोळे झाकून दुसरा पर्याय घेतो.

परवानगीचं थोडक्यात. २०१६ च्या बांधकाम राडारोडा नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्यात एका प्रकल्पातून ३०० टनांच्या वर राडारोडा काढणाऱ्याने वर्गीकरण करून स्थानिक संस्थेकडून आराखडा मंजूर करून घ्यायचा होता. २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. तुमचा आकडा ७५६ टनांचा आहे, तेव्हा वॉर्ड ऑफिसला काम सुरू करण्याआधी पत्र द्या आणि पोच घ्या. रात्री नदीकाठी ओतलेलं राबिट पकडलं गेलं तर ठेकेदार सापडत नाही, सोसायटीचा बोर्ड सापडतो.

आणि एक, जे कुणी विचारत नाही. उरलेली खडी पावसाचं पाणी मुरवण्याच्या खड्ड्यात किंवा ड्रेनेजच्या सच्छिद्र पाइपभोवती घालू नका. तिच्यातून चुना विरघळतो, पाणी बराच काळ अल्कधर्मी राहतं, आणि हवा लागली की त्याचाच पांढरा थर पाइपची भोकं बुजवतो. अमेरिकेत रस्त्याकडेच्या गटारांत हे झालेलं आहे. बोअरच्या रिचार्जला तर अजिबात नको. झाडांच्या आळ्यांपासूनही दोन फूट लांब.

आता क्रम. चार चाचणी खड्डे, चार तुकडे घणाने फोडून, मग ५० किलोचा नमुना लॅबला: चाळणी, इम्पॅक्ट, पाणी शोषण, प्लॅस्टिसिटी, प्रॉक्टर. त्यानंतर कोटेशन, आधी नाही. पाणी शोषण घरीही कळतं. २० एमएमचे दोन किलो तुकडे तव्यावर पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास भिजवा, फडक्याने वरचं पाणी टिपून पुन्हा वजन. २.००० चं २.१०४ झालं तर ५.२ टक्के. ७ च्या वर गेलं तर मला सांगा, मग जीएसबीचाही विचार बदलावा लागेल.

खड्ड्यांत सोलिंगची जाडी, खालची माती कुठल्या रंगाची आणि जवळच्या चेंबरच्या झाकणापासून रस्त्याची उंची, हे तीन आकडे प्रत्येक खड्ड्याचे लिहून पाठवा. फोटोत पट्टी ठेवा.